ईईजीची पहिली फाइल: उघडायची कशी आणि नीट उघडली हे ओळखायचं कसं

ईईजी म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरी. मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलेल्या ईईजी फाइलमध्ये अल्फा लहर ५ हर्ट्‌झवर आली होती. डोळे मिटून शांत बसलेल्या मोठ्या माणसाची अल्फा ८ ते १३ हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, बहुतेकदा १०च्या आसपास. ५ हर्ट्‌झ म्हणजे थीटा, अल्फापेक्षा संथ लहरींचा पट्टा. हा थीटा इतका का वाढलाय, याचं कारण शोधत मी दोन दिवस पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी आलेखात उजवीकडे नजर गेली. २५ हर्ट्‌झवर सुईसारखं एक टोकदार शिखर उभं होतं. जिथे रेकॉर्डिंग झालं होतं तिथल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्‌झची, मग ती २५ वर कशी येईल? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डेटा सेकंदाला ५०० नमुन्यांनी घेतलेला होता आणि टेक्स्ट फाइल आत घेताना मी सॅम्पलिंग रेटच्या चौकटीत २५० लिहिलं होतं. सगळ्या वारंवारता निम्म्यावर आल्या होत्या आणि सॉफ्टवेअरने एका शब्दानेही हटकलं नव्हतं. त्याला फक्त आकडे दिसतात. ते आकडे कशाचे आहेत हे आपणच त्याला सांगायचं असतं.

म्हणून या लेखात फाइल उघडण्याच्या आणि आलेख काढण्याच्या पायऱ्या तर आहेतच, पण प्रत्येक पायरीवर पडद्यावर काय दिसायलाच हवं हेही सांगितलं आहे. ते दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

सॉफ्टवेअर आणि सरावाचा डेटा

मी इथे ईईजीलॅब वापरतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आर्नो देलोर्म आणि स्कॉट मकेग यांनी ते विकसित केलं आणि २००४ साली त्यावरचा त्यांचा मूळ शोधनिबंध आला. ते फुकट आहे, पण मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि मॅटलॅबला परवाना लागतो. परवाना नसेल तर मॅटलॅबशिवाय चालणारी ईईजीलॅबची तयार आवृत्तीही मिळते. पायथन येत असेल तर एमएनई-पायथन हा उत्तम पर्याय आहे. तरी नव्या माणसाला मी आधी ईईजीलॅबच सुचवतो, कारण त्यात सगळं मेनूतून करता येतं आणि लक्ष कोडपेक्षा लहरींवर राहतं.

ईईजीलॅब उतरवून एखाद्या फोल्डरमध्ये उलगडा. मॅटलॅबच्या ‘सेट पाथ’मध्ये फक्त तो मुख्य फोल्डर जोडा. तिथेच ‘ॲड विथ सबफोल्डर्स’ असंही एक बटण आहे, ते दाबू नका. आतले सगळे फोल्डर पाथमध्ये गेले की एकाच नावाची फंक्शन्स एकमेकांच्या आड येतात आणि मग भलत्याच ठिकाणी चुका दिसू लागतात. नंतर कमांड विंडोत लहान अक्षरांत ईईजीलॅब असं टाइप केलं की निळसर खिडकी उघडते.

डेटा स्वतःचा नको. पहिला सराव अशा फाइलवर करा जिच्यात काय आहे हे आधीपासून पक्कं माहीत आहे. फिजिओनेट या खुल्या संग्रहात हालचाल आणि हालचालीची कल्पना या विषयावरचा एक मोठा ईईजी संच आहे. त्यात १०९ स्वयंसेवक आहेत, ६४ चॅनल (म्हणजे एकेका इलेक्ट्रोडची एकेक रेषा) आहेत आणि नमुने सेकंदाला १६० घेतलेले आहेत. प्रत्येकाची १४ रेकॉर्डिंग आहेत. त्यातली पहिली दोन आपल्या कामाची: पहिल्यात माणूस डोळे उघडे ठेवून एक मिनिट बसलाय, दुसऱ्यात डोळे मिटून एक मिनिट. पहिल्या व्यक्तीच्या फोल्डरमधून शेवटी ‘आर०१’ आणि ‘आर०२’ असलेल्या या दोन ईडीएफ (अशा लहरी साठवायचा एक प्रचलित प्रकार) फाइली उतरवून घ्या.

या दोनच फाइली का? जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी येना इथे १९२४ साली माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटले की अल्फा उसळते आणि उघडले की दबते, हे त्यांनीच दाखवून दिलं. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. १९३४ साली एड्रियन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला, तेव्हा शंका मिटल्या. ईईजीच्या क्षेत्रातला हा सगळ्यात जुना आणि सहज दिसणारा परिणाम आहे. तुमच्या पडद्यावर तो दिसला तर फाइल, सॅम्पलिंग रेट, चॅनलची नावं, आलेख, सगळं एका फटक्यात तपासून होतं.

फाइल आत घेणं

ईडीएफ वाचायला बायोसिग नावाचं प्लगइन लागतं. ‘फाइल’ मेनूतल्या ‘मॅनेज ईईजीलॅब एक्स्टेन्शन्स’मधून ते बसवा. मग ‘फाइल’, त्यात ‘इम्पोर्ट डेटा’, त्यात ‘युझिंग ईईजीलॅब फंक्शन्स अँड प्लगइन्स’ असं जात ईडीएफची ओळ निवडा. आधी डोळे उघडे असलेली फाइल घ्या. पुढे जी चौकट येते तिच्यातल्या जागा सध्या आहेत तशा ठेवा. डेटासेटला नाव देताना मात्र आळस करू नका. ‘उघडे’ आणि ‘मिटलेले’ हे शब्द नावात असू द्या, कारण तासाभराने ‘डेटासेट ३’ म्हणजे काय हे कुणालाच आठवत नाही.

आता आलेख काढायची घाई नको. मुख्य खिडकीत आकड्यांचा एक तक्ता आलेला असेल, तो वाचा. चॅनल ६४ आहेत का? ६५ दिसले तरी बावरू नका. ईडीएफच्या २००३ सालच्या सुधारित रूपात घटनांच्या खुणा एका वेगळ्या चॅनलसारख्या साठवलेल्या असतात, तो जादा चॅनल कधी कधी सोबत येतो. ‘एडिट’मधल्या ‘सिलेक्ट डेटा’तून तो काढून टाकता येतो. सॅम्पलिंग रेट १६० आहे का? मग गुणाकार करा: १६० गुणिले ६० म्हणजे ९६००. ‘फ्रेम्स पर एपॉक’, म्हणजे एका सलग तुकड्यातले नमुने, यासमोरचा आकडा याच्या जवळपास हवा. फाइल एका मिनिटाची असताना तिथे दुप्पट किंवा निम्मा आकडा दिसला, तर गडबड इथेच सापडली म्हणून समाधान माना. मी हा गुणाकार त्या पहिल्या फाइलवर केला असता तर दोन दिवस वाचले असते.

चॅनलची नावं आणि जागा

नकाशा काढायचा असेल तर कुठला इलेक्ट्रोड डोक्यावर कुठे आहे हे सॉफ्टवेअरला कळायला हवं. नावं १०-२० या इलेक्ट्रोड मांडायच्या प्रमाण पद्धतीची असतात. विषम आकडे डावीकडचे, सम आकडे उजवीकडचे, आणि झेड म्हणजे मधली रेषा. ओ हे अक्षर डोक्याच्या मागच्या भागाचं, एफपी कपाळाचं, सी मधल्या पट्ट्याचं. एवढं पाठ झालं की बरंचसं काम भागतं.

‘एडिट’मध्ये ‘चॅनल लोकेशन्स’ उघडा. ईईजीलॅब नावावरून प्रमाण जागा शोधून देतं. पण या संचात हमखास अडकायला होतं. चॅनलच्या नावांपुढे टिंबं आहेत. ओझेडच्या पुढे दोन टिंबं, एफसी ५च्या पुढे एक. तुम्हाला ते ओझेडच वाटतं, सॉफ्टवेअरला मात्र ते अनोळखी नाव आहे, आणि जागांचे रकाने रिकामे राहतात. उपाय सोपा आहे. मॅटलॅबच्या ‘स्ट्ररेप’ फंक्शनने टिंबाच्या जागी काहीच ठेवायचं नाही असं सांगून ६४ नावांवर एक छोटा लूप फिरवा, मग ‘ईईजीलॅब रीड्रॉ’ ही आज्ञा द्या म्हणजे मुख्य खिडकीला बदल कळेल. कोडची भीती वाटत असेल तर त्याच चौकटीत एकेक नाव हाताने सुधारा. दहा मिनिटांचं काम आहे आणि नावंही नजरेखालून जातात.

मग ‘प्लॉट’मध्ये ‘चॅनल लोकेशन्स’मधून नावांसकट नकाशा काढा. नाक वरच्या बाजूला, ओझेड खाली, सी ३ डावीकडे. बघितलं? मग पुढे.

लहरी डोळ्यांनी बघणं

‘प्लॉट’मधलं ‘चॅनल डेटा, स्क्रोल’ हे माझ्या मते सगळ्या मेनूंतलं सर्वात महत्त्वाचं बटण आहे आणि नवी माणसं तिथे सर्वात कमी वेळ घालवतात. एका पानावर सुरुवातीला ५ सेकंद दिसतात. ‘सेटिंग्ज’मधून ते १० करा. ईईजी वाचणारे डॉक्टरही पानाला १० सेकंदच धरतात, त्यामुळे नजर त्याच मापाला सरावते. ६४ रेषा एकमेकींत गुंतल्या तर एकावेळी २० दाखवायला सांगा. उजवीकडे खाली उभ्या मापाचा आकडा असतो, मायक्रोव्होल्टमध्ये. तो १०० करून सुरुवात करा आणि मग अधिक-उण्याच्या बटणांनी जुळवून घ्या.

डोळे उघडे असलेल्या फाइलमध्ये आधी एफपी १ शोधा, यादीत तो २२वा आहे. त्यावर आणि शेजारच्या एफपीझेड, एफपी २ वर अधूनमधून एक मोठा उंचवटा एकाच क्षणी येताना दिसेल. ही पापणीची उघडझाप. आजूबाजूच्या लहरींच्या ती कितीतरी पट मोठी असते आणि मागे जावं तशी लहान होत जाते. ईईजीलॅबमध्ये धन बाजू वर असते म्हणून पापणीचा उंचवटा वर जातो. वैद्यकीय आलेखांत ऋण बाजू वर धरायची रीत आहे, तिथे हीच पापणी खाली खड्डा पाडते. दोन आलेख समोरासमोर ठेवताना ही गोष्ट विसरली की गोंधळ ठरलेला.

अजून काय दिसेल? कानाजवळच्या टी ७, टी ८ वर दाट काटेरी झुडूप आलं असेल तर जबडा आवळलेला आहे. एखादी रेषा संथपणे वर-खाली वाहत असेल तर घाम किंवा सैल इलेक्ट्रोड. आणि एकच चॅनल शेजाऱ्यांपेक्षा अगदी वेगळा वागत असेल तर त्याच्यावर संशय घ्या. मेंदूतला विद्युतप्रवाह कवटीतून बाहेर येताना पसरतो, त्यामुळे खरी मेंदूलहर शेजारच्या दोन-चार इलेक्ट्रोडवर तरी दिसतेच. एकट्या इलेक्ट्रोडवर जे दिसतं ते बहुधा त्या इलेक्ट्रोडचंच दुखणं असतं. अशा चॅनलची नावं वहीत टिपून ठेवा, लगेच काढून टाकू नका.

आता मिटलेल्या डोळ्यांची फाइल तशीच आत घ्या, नावं सुधारा, आणि यादीच्या तळाशी जा. ओ १, ओझेड, ओ २ हे ६१, ६२ आणि ६३ क्रमांकाचे चॅनल आहेत. इथे घाई करू नका. एका सेकंदाच्या पट्टीवर बोट ठेवून उंचवटे मोजा. नऊ, दहा, अकरा, असे काहीतरी येतील. लाटांची उंची हळूहळू वाढते, ओसरते, पुन्हा वाढते. शंभर वर्षांपूर्वी बर्गर यांनी जे पाहिलं तेच तुम्ही स्वतः मोजताय. मी शिकवायला बसतो तेव्हा ही मोजणी प्रत्येकाकडून हाताने करून घेतो, कारण ज्याने ती एकदा केली त्याला पुढे चुकीचा सॅम्पलिंग रेट फसवू शकत नाही.

थोडं फिल्टर

वाहत जाणाऱ्या रेषा आवरायला ‘टूल्स’मध्ये ‘फिल्टर द डेटा’, त्यात ‘बेसिक एफआयआर फिल्टर’ घ्या. खालच्या सीमेत १ लिहा, वरची रिकामी ठेवा. म्हणजे १ हर्ट्‌झपेक्षा संथ हालचाल जाईल. नवा डेटासेट वेगळ्या नावाने ठेवा, जुन्यावर लिहू नका. फिल्टर नेहमी अखंड रेकॉर्डिंगवर लावायचा. तुकडे पाडल्यावर लावला तर प्रत्येक तुकड्याच्या कडांना विकृती येते. १ हर्ट्‌झ ही सीमा स्पेक्ट्रमसाठी (कुठल्या वारंवारतेत किती शक्ती आहे त्या आलेखासाठी) ठीक आहे. संथ प्रतिसाद मोजायचे असतील तर ती त्यांचा आकारच बदलून टाकते, तिथे ०.१ हर्ट्‌झच्या आसपास राहावं.

स्पेक्ट्रम

‘प्लॉट’मध्ये ‘चॅनल स्पेक्ट्रा अँड मॅप्स’ उघडा. या चौकटीत आधीपासून भरलेल्या दोन गोष्टी बदला. डेटाचा किती भाग वापरायचा तिथे १५ टक्के लिहिलेलं असतं. ते १०० करा. नाहीतर दरवेळी थोडासाच भाग निवडला जातो आणि तोच आलेख दोनदा काढला तर थोडा वेगळा येतो. आलेखाची मर्यादा २ ते २५ हर्ट्‌झ असते, ती २ ते ७५ करा. सेकंदाला १६० नमुने असताना जास्तीत जास्त ८० हर्ट्‌झपर्यंतच बघता येतं, त्यामुळे ७५ पुरेसे. नकाशांसाठी ६, १०, २२ हे आकडे असू द्या.

प्रत्येक चॅनलची एक रंगीत रेषा येईल. सगळ्या डावीकडून उजवीकडे उतरत्या असतील, हा मेंदूलहरींचा स्वभावच आहे. मिटलेल्या डोळ्यांच्या फाइलमध्ये १०च्या आसपास त्या उतारावर एक टेकाड उठलेलं दिसेल, आणि १०च्या नकाशात डोक्याच्या मागचा भाग तापलेला. ६० हर्ट्‌झवर टोकदार सुई दिसली तर ती विजेची. हा संच अमेरिकेतला आहे आणि तिथली वीज ६० हर्ट्‌झची. तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये ती जिथे रेकॉर्डिंग झालं तिथल्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० वर असेल. ही सुई नकोशी असली तरी मला तिच्याविषयी आपुलकी आहे. ती योग्य जागी उभी असेल तर वेळेचं माप बरोबर आहे, याचा तो साक्षीदार आहे. काढायचीच तर तपासणी झाल्यावर काढा.

दोन्ही फाइलींची तुलना एकाच चॅनलवर करा. ‘प्लॉट’मधल्या ‘चॅनल प्रॉपर्टीज’मध्ये ६२ लिहून ओझेडचा स्पेक्ट्रम आधी उघड्या डोळ्यांचा, मग मिटलेल्यांचा काढा. उभा अक्ष डेसिबलमध्ये आहे: ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती सुमारे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट. १० हर्ट्‌झपाशी दोन्हींत किती अंतर आहे ते वाचा. काही माणसांत अल्फा मुळातच कमी असते. फरक अस्पष्ट वाटला तर दुसऱ्या, तिसऱ्या व्यक्तीच्या त्याच दोन फाइली बघा.

घटना आणि तुकडे

घटनांभोवती तुकडे पाडून सरासरी काढायचं शिकायला ईईजीलॅबसोबतच ‘सॅम्पल डेटा’ फोल्डरमध्ये एक फाइल येते. ती ‘लोड एक्झिस्टिंग डेटासेट’ने उघडा. ३२ चॅनल, सेकंदाला १२८ नमुने, ३०,५०४ फ्रेम, १५४ घटना. भागाकार करून बघा, २३८ सेकंद येतात. घटना दोन प्रकारच्या आहेत: पडद्यावर चौकोन उमटला ती ‘स्क्वेअर’, आणि माणसाने बटण दाबलं ती ‘आरटी’. ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्ट्रॅक्ट एपॉक्स’मध्ये ‘स्क्वेअर’ निवडून उणे १ ते २ सेकंद द्या, आधारपातळी म्हणून घटनेआधीचा सेकंद धरा. ८० तुकडे मिळतील. तुकड्यांचा आकडा घटनांच्या आकड्याशी जुळतो का, हे इथेही बघायचंच. रेकॉर्डिंगच्या अगदी कडेला घडलेल्या घटनांचे तुकडे गळतात, तेवढा फरक चालतो.

स्वतःच्या फाइली घेताना

इथे प्रत्येक यंत्राची तऱ्हा निराळी. ब्रेनव्हिजनचं रेकॉर्डिंग तीन फाइलींत असतं: एकीत माहिती, एकीत खुणा, एकीत लहरी. माहितीच्या फाइलमध्ये बाकी दोघींची नावं लिहिलेली असतात. म्हणून नुसती फाइलींची नावं बदलली की ती काही उघडत नाही. माहितीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आतली नावंही बदलावी लागतात. बायोसेमीचा डेटा संदर्भ इलेक्ट्रोडशिवाय (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे त्याच्याशिवाय) साठवलेला असतो, आत घेतानाच संदर्भ चॅनल द्यावा लागतो. तो दिला नाही तर विजेची गुणगुण इतकी उरते की खालची लहर दिसतच नाही.

सर्वात जास्त धोका टेक्स्ट आणि सीएसव्ही फाइलींत, कारण त्यांच्यात स्वतःविषयी काहीच लिहिलेलं नसतं. चॅनलची संख्या हजारांत दिसली तर ओळी आणि स्तंभ उलटे वाचले गेलेत. एक चॅनल खालून वर सरळ तिरकी रेघ काढत चालला असेल तर तो मेंदू नाही, वेळेचा स्तंभ आहे. सगळ्या रेषा सपाट दिसत असतील आणि माप शून्य पूर्णांक शून्य शून्य करत खाली न्यावं लागत असेल, तर डेटा व्होल्टमध्ये आहे. ईईजीलॅब मायक्रोव्होल्ट धरतं, म्हणून १० लाखांनी गुणा. एमएनई-पायथन उलट व्होल्ट धरतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना ही चूक फार होते.

मोठ्या फाइलींसाठी आधी हिशेब मांडा. ६४ चॅनल, सेकंदाला १००० नमुने, एक तास, प्रत्येक आकड्याला ४ बाइट: सुमारे ९२० मेगाबाइट. फिल्टर लावला की दुसरी प्रत. संगणक अडखळला तर दोष त्याचा नाही, आधी सॅम्पलिंग रेट २५०वर आणा.

जतन करताना ईईजीलॅब बहुधा दोन फाइली बनवतं, एक माहितीची आणि एक लहरींची. कुणाला पाठवताना दोन्ही पाठवा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये फक्त वाचण्यापुरती ठेवा. आणि बंद करण्याआधी कमांड विंडोत ‘ईईजीएच’ टाइप करा. मेनूतून तुम्ही जे जे केलं ते आज्ञांच्या रूपात समोर येतं. ते कॉपी करून डेटाजवळ ठेवा, सहा महिन्यांनी कोणता फिल्टर लावला होता हे त्यातूनच कळेल. कोड लिहायला शिकायचं असेल तर सुरुवातही तिथूनच करा.

पुढचं रेकॉर्डिंग तुमच्या हातात असेल, तर प्रयोग सुरू करण्याआधी समोरच्या माणसाला एक मिनिट डोळे उघडे आणि एक मिनिट मिटून बसायला सांगा, मध्ये चार-पाच वेळा मुद्दाम पापण्या मिटायला लावा, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खूण टाका. नंतर फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आधी ही दोन मिनिटं बघा.